ना विस्तव, ना धातू

मी एक जुनी चाळण आहे, मित्रांनो. 'जुनी' हा शब्द मी केवळ रीत म्हणून वापरते. माझे कडे बीच नावाच्या झाडाच्या लाकडाचे आहे, जाळी घोड्याच्या शेपटीच्या केसांची आहे आणि साठ वर्षांत त्यातले फक्त चौदा केस तुटले आहेत. एवढ्या वर्षांत ज्याचे चौदाच केस गेले असा माणूस आमच्या द्रेनेतो गावात मला तरी दिसलेला नाही.

मला पिठाची चाळण समजू नका. पीठ कुणीही चाळते. मी शिपका चाळते. शिपका म्हणजे रानगुलाबाची लाल फळे. बाल्कन डोंगराच्या आमच्या उतारावर ती कुंपणाकुंपणाला लगडलेली असतात. दिसायला मोठी देखणी, पण आत बियाच बिया आणि बियांना चिकटलेले बारीक कूस. ते कूस घशात गेले की माणूस दिवसभर खाकरत बसतो. शाळेतली पोरे ते एकमेकांच्या सदऱ्यात टाकतात आणि मग सगळा वर्ग पाठ खाजवत असतो. फळाचा गर हवा, पण कूस नको. ऐकायला सोपे वाटते, पण पत्र्याच्या चाळणीतून हे कूस सर्रास खाली उतरते. माझ्यातून उतरत नाही. हे मी फुशारकीने सांगते आहे, आणि का सांगू नये?

मला बाशो नावाच्या फिरत्या चाळणीवाल्याने विणले. दर वसंतात तो गाढवाची गाडी घेऊन गावात यायचा आणि चौकातल्या पाणवठ्यापाशी दुकान मांडायचा. त्या वर्षी माझी मालकीण गेना एकोणीस वर्षांची होती आणि लग्न होऊन तिला जेमतेम सहा महिने झाले होते. सासूने तिला केसांची जुडी देऊन पाठवले होते. बाशोने जुडी हातात घेतली, वास घेतला आणि विचारले, "घोड्याचे की घोडीचे?"

"त्याने काय फरक पडतो?" गेना हसून म्हणाली.

"फरक? अगं पोरी, घोडी मुतते ती स्वतःच्याच शेपटीवर. ते केस दोन वर्षांत तडकतात. घोड्याचे आण, नाहीतर पुढच्या साली माझ्या नावाने बोटं मोडशील."

केस घोड्याचेच निघाले. घरच्या काळ्या व्रान्योचे. बाशोने ते दोन दिवस बसून विणले, कड्याला सालीच्या दोरीने शिवले आणि मला उन्हाकडे धरून एक डोळा मिटून पाहिले. मग तो मान हलवून हसला. माझ्या आयुष्यातली ती पहिली शाबासकी.

आमच्या घरात शिपका करण्याचा एकच नियम होता. ना विस्तव, ना धातू. पहिले दव गोठून फळे मऊ झाली की ती तोडायची, देठ काढायचे, लाकडी घंगाळात चार दिवस गार जागी ठेवायची, आणि मग तळहाताने माझ्यावर घासायची. एकदा नव्हे, दोनदा. खाली उतरतो तो तांबडा, दाट, आंबटगोड गर. त्यात मध मिसळायचा आणि मातीच्या बरण्यांत भरून तळघरात ठेवायचा. चूल पेटवायची नाही, पळी लावायची नाही. नवी सून गेना एकदा सासूला म्हणाली, "पण विस्तव का नाही?" उत्तरादाखल तिच्या बोटांवर लाकडी डाव बसला. "असंच असतं," सासू म्हणाली. गेनाने पुन्हा विचारले नाही.

का ते मलाही ठाऊक नव्हते. पण फळाचा गुण मात्र मी डोळ्यांनी पाहिला. गेनाचा नवरा पेत्को लाकूडतोड्यांच्या टोळीत होता. एका वर्षी वरच्या रानात बर्फाने वाट अडली आणि अकरा माणसे अडीच महिने पाव, घेवडा आणि खारवलेली चरबी यांवर राहिली. वाट मोकळी होऊन पेत्को घरी आला तेव्हा त्याच्या हिरड्यांतून रक्त येत होते, हातावरची कुऱ्हाडीची जखम भरत नव्हती आणि हा धिप्पाड माणूस जिना चढताना मध्येच बसत होता. गेनाने सात बरण्या रानातल्या बाकीच्या लाकूडतोड्यांच्या तळावर धाडल्या आणि पेत्कोला सकाळ-संध्याकाळ दोन-दोन चमचे भरवले. पंधरा दिवसांत त्याच्या हिरड्या घट्ट झाल्या. महिन्याने जखमेवर खपली धरली. तळावरच्या माणसांनी रिकाम्या बरण्या परत पाठवल्या, त्या आतून चाटूनपुसून इतक्या स्वच्छ केलेल्या की गेनाला धुवाव्याही लागल्या नाहीत.

आज शिकलेली माणसे सांगतात की शिपकात क जीवनसत्त्व ठासून भरलेले असते. त्याला ती अँटिऑक्सिडंट म्हणतात. कापलेले सफरचंद हवेत तपकिरी पडते ना, तशी झीज शरीरातही आत कुठेतरी चालू असते. ती आवरायला हे जीवनसत्त्व हात देते. हिरड्या, कातडी, जखमा यांना ते लागतेच, आणि शरीराला ते स्वतः बनवता येत नाही. हे सगळे ऐकताना माझी छाती भरून येते. पण एक गोष्टही सांगितली पाहिजे. गेनाचा मुलगा मिन्चो सात वर्षांचा असताना त्याला न्यूमोनिया झाला. तेव्हा गेनाने बरणीला हात लावला नाही. पोराला घोंगडीत गुंडाळून घसरगाडीवर घातले आणि चौदा किलोमीटरवरच्या दवाखान्यात नेले. तो बरा होऊन आल्यावर मग चमचा काढला. "हे खाणं आहे," ती शेजारणींना सांगायची, "औषध डॉक्टरकडे असतं." माझी मालकीण अशी होती.

अशी तीस वर्षे गेली. दवाचे दिवस आले की गावातल्या बायका आमच्या अंगणात येऊन पाहत उभ्या राहायच्या. गेनाचा तळहात माझ्यावर गोल फिरे आणि खालून गर उतरे. बायका कौतुक करत. पण मला हात लावायची परवानगी कुणालाच नव्हती. मला त्याचाही अभिमान वाटायचा. आता वाटते, तो अभिमान जरा जास्तच होता.

मिन्चोचे लग्न झाले आणि स्विलेना घरात आली. ती नदीपलीकडच्या गावाची, हिशेबी डोक्याची, आणि प्रत्येक गोष्टीला 'का' विचारणारी. पहिल्याच शरदात ती बाह्या वर करून माझ्याशेजारी येऊन बसली.

"आई, द्या, मी घासते थोडं."

"राहू दे. तुझा हात जड आहे."

"बरं, मग विस्तव का नाही ते तरी सांगा."

"असंच असतं."

"असंच म्हणजे कसं? काहीतरी कारण असेल ना?"

"आमच्याकडे असंच असतं," गेना म्हणाली आणि मला आपल्या मांडीवर ओढून घेतले.

दुसऱ्या वर्षीही स्विलेनाने विचारले. तिसऱ्या वर्षी विचारले नाही. त्यानंतर काही वर्षांनी गेनाची बोटे संधिवाताने वाकडी झाली. तिला मूठ वळेना, तळहात टेकेना. मला वाटले, आता तरी ती मला सुनेकडे देईल. तिने मला स्वच्छ धुतले, सावलीत वाळवले आणि चुलीशेजारच्या खिळ्याला टांगले. त्याच आठवड्यात स्विलेनाने माहेरहून आईची तांब्याची कढई आणली.

ती कढई किती मोठी होती म्हणून सांगू! तिच्यात एक वासरू बसले असते. अंगणात विस्तव धगधगे, शिपका साखरेबरोबर तीन-तीन तास रटरटे, मग ती लोखंडी चाळणीतून काढली जाई आणि सगळ्या गल्लीला वास सुटे. मुरंबा गोड होई, हे मी नाकारत नाही. लोक बोटे चाटत. गेना मात्र खिडकीत बसून म्हणायची, "जाम आहे जाम. शिपका नव्हे." स्विलेना ऐकून न ऐकल्यासारखे करायची. मी भिंतीवरून सगळे पाहत होते. कढईवर माझा राग होता, हे तुमच्यापासून कशाला लपवू? बावीस वर्षे मी त्या खिळ्यावर होते. माझ्या जाळीवर काजळी बसली. एका कोळ्याने कड्याला जाळे विणले, तेही माझ्या जाळीपेक्षा विरळ.

मग गावातल्या सात बायकांनी ठरवले की बंद पडलेल्या शाळेच्या स्वयंपाकघरात एकत्र मिळून शिपका बनवायचे. स्विलेना त्यांची प्रमुख झाली. शहरातला औषधविक्रेता पावलीन त्या बरण्या आपल्या दुकानात पूरक आहार म्हणून ठेवायला तयार झाला. स्विलेनाने लेबल स्वतः लिहिले. 'क जीवनसत्त्वाने समृद्ध. द्रेनेतोच्या आजीची पद्धत.' लेबले छापूनही आली. पावलीनची एकच अट होती. नमुना राजधानी सोफियातल्या प्रयोगशाळेत तपासून घ्यायचा, आणि निकाल डिसेंबरच्या सुरुवातीला येणाऱ्या निकोला संताच्या सणापर्यंत त्याच्या हातात हवा.

निकालाचा फोन आला तेव्हा स्विलेना आमच्याच स्वयंपाकघरात होती आणि फोनचा आवाज मोठा होता, त्यामुळे मी सगळे ऐकले. पलीकडे कालिना नावाची तरुण रसायनतज्ज्ञ होती. तिने आधी तीनदा विचारले की नमुना नक्की शिपकाचाच आहे ना.

"मग आमच्या डोंगरात दुसरं काय उगवतं?" स्विलेना म्हणाली. "का हो? किती निघालं?"

"जवळजवळ नाहीच."

स्विलेना स्टुलावर बसली.

"कशात शिजवता तुम्ही?" कालिनाने विचारले.

"तांब्याच्या कढईत. तीन तास. माझी आई तशीच करायची, आजीही तशीच करायची."

"तिथंच घात झाला बघा. क जीवनसत्त्वाला आच सोसत नाही. आणि तांबं लागलं की उरलंसुरलंही झटक्यात संपतं. चवीला छान लागत असेल?"

"छान लागतं."

"तेवढंच उरलंय त्यात," कालिना म्हणाली. तिने हे कुत्सितपणे म्हटले नव्हते. तिलाही वाईट वाटले होते.

त्या संध्याकाळी बाकीच्या सहाही बायका आमच्या टेबलाभोवती जमल्या. सगळ्यांचे चेहरे उतरले होते. ब्लागा नावाची जाडजूड बाई म्हणाली, "एवढं काय मनावर घेतेस? लाल आहे, गोड आहे. दुसऱ्या कुठल्या दुकानात देऊ. कोण बघायला जातंय आत काय आहे ते?"

"लेबलावर माझ्या हाताने लिहिलंय मी," स्विलेना म्हणाली. "कुणाची तरी आई ते वाचून आपल्या आजारी पोराला चमचा भरवणार. ती काय भरवते ते तिला कळायला नको? खोटं लेबल मी लावणार नाही. नाव आपल्या गावाचं आहे त्याच्यावर."

मित्रांनो, त्या क्षणी मला ती बाई आवडली. बावीस वर्षे मी तिच्यावर रुसून होते, पण तो रुसवा तिथेच गळून पडला.

आता उपाय काय, हे तिला माहीत होते. विस्तव न लावणारी, धातू न लावणारी बाई पलीकडच्या खोलीत बसली होती. फक्त उठून विचारायचे होते. पण बावीस वर्षांचा ताठा काही एका रात्रीत वाकत नाही. पहिला दिवस गेला, दुसरा गेला. तिसऱ्या दिवशी दव इतके गोठले की कुंपणावरची फळे पांढरी दिसू लागली. आता तोडली नाहीत तर पाखरे खातील किंवा कुजतील, आणि मग पुढच्या वर्षाशिवाय फळ नाही. पावलीन वर्षभर थांबणार नव्हता. बायकाही थांबल्या नसत्या. दोघी-तिघींनी तर शहरात साफसफाईची कामे बघायला सुरुवातही केली होती.

चौथ्या सकाळी स्विलेना गेनाच्या खोलीत गेली आणि तिला हाताला धरून चुलीपाशी घेऊन आली. दोघी माझ्या समोरच बसल्या.

"आई, माझ्या कढईने सगळं खाल्लं," ती म्हणाली आणि फोनमागोमाग आलेला निकालाचा कागद पुढे ठेवला. "काही उरलं नाही त्यात. तुमचं बरोबर होतं."

मला वाटले, गेना आता चांगली खरडपट्टी काढेल. सुरुवातही तशीच झाली.

"बावीस वर्षांनी आठवण झाली होय सासूची?"

"तुम्ही मला हात लावू दिलात का कधी? आणि का ते एकदा तरी सांगितलंत?"

गेनाने कागद डोळ्यांजवळ धरला. चष्मा नसल्यामुळे तिला एक अक्षरही दिसत नव्हते. मग ती हळूच म्हणाली, "का ते मला तरी कुठं माहीत होतं?"

"काय?"

"माझ्या सासूने कधी सांगितलंच नाही. विचारलं तर बोटांवर डाव मारला. मी पाठ केलं नुसतं."

"अहो, मग तसं सांगायचं होतंत! माहीत नाही म्हणायचं!"

"सासूने सुनेला 'मला माहीत नाही' म्हणायचं? ऐकलंयस कधी?"

स्विलेनाला हसू फुटले. मग गेनाला फुटले. दोघी हसता हसता कधी रडायला लागल्या हे मला कळलेच नाही. मलाही भरून आले होते, पण चाळणीने रडायचे तरी कशातून?

मग गेना माझ्याकडे बोट करून म्हणाली, "काढ ती खाली. मला हात पुरत नाही."

स्विलेनाने मला खिळ्यावरून काढले. कोळ्याचे जाळे पुसले, गार पाण्याने काजळी धुतली, आणि गेनासमोर धरले. गेनाने मला घेतले नाही. तिने आपल्या वाकड्या बोटांनी मला परत सुनेच्या मांडीकडे ढकलले.

फळे तोडून चार दिवस घंगाळात ठेवली, आणि त्यानंतरचे सहा दिवस घरात नुसता आरडाओरडा होता. "बोटं नको, तळहाताची टाच लाव!" "दाबू नकोस, फिरव!" "घाई कशाला, गाडी चुकतेय का तुझी?" स्विलेनाचा हात खरोखरच जड होता, ते खोटे नव्हते. पण त्या जड हाताखाली गर पहिल्याच घासण्यात इतका भरपूर उतरला की मी चकित झाले. जे सांगायला नको तेही सांगते. तो गेनाच्या हातापेक्षा बरा उतरला. गेनालाही ते दिसले. तिने ओरडणे थोडे कमी केले.

नमुना गेला. निकोला संताच्या सणाच्या दोन दिवस आधी कालिनाचा फोन आला. स्विलेनाने तो सगळ्यांना ऐकू येईल असा लावला.

"तुम्ही हे केलंत तरी कसं?" कालिना म्हणत होती. "लेबलावर 'समृद्ध' लिहायला लागतं त्यापेक्षा जास्त निघालंय!"

ब्लागा सगळ्यांत मोठ्याने ओरडली. जणू लेबल तिनेच लिहिले होते.

मला वाटले, आता शाळेच्या स्वयंपाकघरात माझी मिरवणूक निघणार. पण तसे झाले नाही. दुकानात विकायच्या मालासाठी लाकूड आणि जनावराचे केस चालणार नाहीत, असे तपासनिसाने सांगितले. धुता येणारी नायलॉनची जाळी हवी. ऐकून माझा जीव खट्टू झाला, खोटे कशाला बोलू? मग कालिना स्वतः गावात आली. तिने मला खिडकीपाशी उजेडात धरले आणि भिंग लावून माझी भोके मोजली. एका बोटाच्या रुंदीत किती उभे केस, किती आडवे. तिने ते वहीत लिहून घेतले, आणि महिन्याभराने सात पांढऱ्या नायलॉनच्या चाळण्या आल्या, सातही माझ्याच मापाच्या. सांगा मित्रांनो, तुमच्या ओळखीत अशी कुणी चाळण आहे का, जिच्या हिशेबाने कारखाना विणतो? मी आता फक्त घरच्या बरण्यांसाठी असते, आणि मला तेवढे पुरते.

पहिला माल न्यायला पावलीन आला तेव्हा स्विलेनाने मला मुद्दाम शाळेत नेऊन टेबलावर मांडले होते. गेनाही येऊन खुर्चीत बसली होती, डोक्याला नवा रुमाल बांधून. पावलीनने लेबल वाचले. त्यात एक ओळ वाढली होती. 'हे खाणे आहे, औषध नव्हे.' त्याने मान हलवली आणि विचारले, "विस्तव का लावत नाही तुम्ही?"

सगळ्या बायकांनी स्विलेनाकडे पाहिले. उत्तर तिने मिळवले होते. त्यासाठी तिने सासूसमोर चूक कबूल केली होती. तिने हातातली नायलॉनची चाळण पुसत म्हटले, "आईंना विचारा. पद्धत त्यांची आहे."

गेना खुर्चीत ताठ झाली. ब्याऐंशी वर्षांची ती बाई आयुष्यात पहिल्यांदा त्या प्रश्नाचे उत्तर देणार होती.

"अहो, क जीवनसत्त्वाला आच सोसत नाही," ती अशा थाटात म्हणाली की जणू तिला हे पाळण्यातच कळले होते. "आणि तांबं लागलं की संपलंच सगळं. कुणालाही विचारा."

स्विलेना खाली मान घालून चाळण पुसत राहिली. ती चाळण आधीच कोरडी झाली होती.

मित्रांनो, माझे मागणे मोठे नाही. माझ्यासारखी एखादी चाळण घरात असेल तर तिला गार पाण्याने धुवा, सावलीत वाळवा आणि खिळ्याला टांगून विसरू नका. आणि ज्यांच्या हातात काही कसब आहे त्यांच्याजवळ जाऊन बसा. त्यांना 'का' विचारा. 'असंच असतं' असे उत्तर आले तर रुसू नका. खरे कारण तुम्ही शोधून काढा, आणि ते त्यांना नेऊन द्या.